मागच्या दारचा वेल

"वरवर छाटायचं नाही! हातात धरा आणि मुळापर्यंत चला!" मीटरकाका ओरडले आणि अख्खी वेल हटाव समिती ओणवी झाली. अख्खी म्हणजे तिघंच: घरोघरी पाण्याचे मीटर वाचून निवृत्त झालेले काका, दातांचे डॉक्टर आणि कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या ताई. त्या परक्या वेलाने ओढ्याकाठची झाडं पार गिळली होती. बोटभर तुकडा राहिला तरी तो पुन्हा रुजायचा. म्हणून काकांचा नियम होता, मूळ सापडेपर्यंत वेल सोडायचा नाही, आणि ते कुणाच्याही अंगणात निघो, गय करायची नाही.

काकू गेल्यापासून काकांना घर खायला उठायचं. रविवारी निदान वेलावर तरी ओरडता यायचं.

आजचा वेल ओढ्यातून निघाला तो एका गॅरेजखाली घुसला. मागोमाग डॉक्टर रांगत घुसले आणि काळे होऊन बाहेर आले. पुढे तो कपड्यांच्या दोरीवर चढला होता.

"अहो, माझी चादर कुठे नेताय?" एक बाई किंचाळल्या.

"वेल सोडायचा नाही!" काका म्हणाले. चादर ताईंच्या डोक्यावरून तशीच पुढे गेली आणि मागून बाईही आल्या.

घरांमागच्या बोळातून, मान खाली घालून, वरात एका परसात शिरली. तिथे मनगटाएवढं खोड होतं. वर जांभळी फुलं, खाली सुतळीने बांधलेला मांडव.

"सापडलं! कौतुकाने वाढवलाय बघा. बेजबाबदार माणसं!" काकांनी दार बडवलं.

ताईंचा चेहरा उतरला. "काका, राहू दे ना आज."

"राहू दे कसं? अहो, घरात कोणी आहे की नाही?"

दार बडवायला त्यांनी पुन्हा मूठ उगारली.

"काका," ताई हळूच म्हणाल्या, "काकू याच दारातून मला हाक मारायच्या. ब्लाउजचं माप द्यायला."

काकांनी वर पाहिलं. खिडकीत कान तुटलेलं चहाचं पातेलं होतं, सकाळी त्यांनीच विसळून ठेवलेलं. जन्मभर ते पुढच्या दाराने गेले आणि पुढच्याच दाराने आले. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर काहीतरी हिरवं असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. कशाचं, हे तिला विचारायचं राहून गेलं होतं.

"पुढच्या रविवारी काढू," डॉक्टर म्हणाले. चादरवाल्या बाईंनी चादर न मागताच काढता पाय घेतला.

"नियम म्हणजे नियम," काका म्हणाले आणि स्वतःच खणायला बसले. मुळं एका गंजक्या किटलीतून फुटली होती. किटली पाहताच त्यांचे हात थांबले.

"ही मी टाकायला सांगितली होती. टाकली म्हणाली मला," ते म्हणाले आणि मातीच्या हातांनी तोंड झाकून रडले.

संध्याकाळी मागचं दार वाजलं. अडकलेली कडी काढताना काकांना घाम फुटला. दारात डॉक्टर होते, हातात पेला, पेल्यात वेलाचा तुकडा.

"समितीत बोलू नका," ते कुजबुजले. तेवढ्यात बोळातून ताई आल्या. पदराखाली बाटली होती आणि तिच्यातून दोन पानं डोकावत होती.

"तुम्हीसुद्धा?" डॉक्टर म्हणाले.

काका भडकले. "लाज नाही वाटत? बोटभर तुकडा राहिला तरी..."

दोघं त्यांच्या खांद्यावरून आत बघत होते. ओट्यावर ती किटली होती, घासूनपुसून ठेवलेली. गळत होती म्हणून खाली ताट होतं. आत जांभळं फूल असलेली एक फांदी होती.

"मातीत नाही लावली," काका पुटपुटले. "बी धरायच्या आत खुडीन. बाहेर जाऊ देणार नाही."

काकांनी पेला आणि बाटली घेऊन किटलीशेजारी ठेवली आणि चहाचं आधण चढवलं.

"कडी आता सैल झालीय," ते पाठमोरेच म्हणाले. "येत जा या दाराने. वाजवलंत की मी उघडेन."