कॅमशाफ्टला पंपाचं ग्रीस

सरलाला पांढुर्ण्याच्या स्टेशनवरून मोटरसायकलवरच आणायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. पाच महिन्यांपासून ती भोपाळला, आमच्या लेकीच्या, हिमानीच्या बाळंतपणाला गेलेली. सौंसरच्या घरात मी एकटा. सवयीनं दोन कप चहा मांडायचो आणि दोन्ही मीच प्यायचो.

पण गाडी खडखड करून राहिली होती. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, पार झिजला होता. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. एक दांडा बदलायला मिस्त्री कशाला? नवा आणला आणि माझा जुना विद्यार्थी रवींद्र आता मिस्त्री आहे, त्याला फक्त फोन केला.

"वंगण कोणतं लावू बे?"

"सर, दुकानात कॅमची पेस्ट भेटते. काळी, चिकट. उंचवट्यांवर थोडीशी लावा. बाकी जागी इंजिन ऑइल."

काळं आणि चिकट तर घरातच होतं! विहिरीच्या पंपाचं ग्रीस, अर्धा डबा. आणि थोडंसं कसं लावायचं? पाच महिन्यांनी बायको येऊन राहिली होती. जिलेबीला पाक पाजावा तसं मी दांड्याला ग्रीस पाजलं.

गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. साहेब तपासणीला आल्यावर वर्ग होतो तशी गुमान चालली. मी दाढी केली, नवा शर्ट घातला आणि निघालो.

मोहगाव ओलांडलं आणि इंजिन किंचाळलं. मग एकदम गप्प.

"सर, ग्रीस लावलं?" रवींद्र फोनवर म्हणाला. "तेलाचं भोक बुजलं असंल. कॅम कोरडाच फिरला." मग त्यानं हळूच विचारलं, "तुम्ही आम्हाले विज्ञानच शिकवत होते नं?"

मी सरलाला बसनं यायला सांगितलं. मी थांबलो होतो तिथं ती रस्त्यातच उतरली. माझे काळे हात पाहिले, मग तोंडाकडे पाहिलं.

"वाळले तुम्ही. जेवत नव्हते काय?"

"जेवत होतो."

एक संत्र्याचा पिकअप थांबला. मागे गाडी, पुढे आम्ही. जागा एवढीशी. ती माझ्या खांद्याला टेकून झोपली, आणि सौंसर आलं तरी मी काही हललो नाही.

गाडी रवींद्रकडेच दुरुस्तीला टाकली. काल त्याचा फोन आला. "सर, गाडी कधीपर्यंत पाहिजे?"

"घाई नाही," मी म्हटलं.

सरला आठच दिवसांसाठी आली होती. परवा तिला भोपाळच्या गाडीसाठी बसनंच स्टेशनवर पोचवून आलो.