सांबरीणकाकूंचा व्हीसीआर आणि ओव्याचा शेक

एका जंगलात वीज आली, बाळांनो, आणि तिच्या मागोमाग जाणकार आले.

त्यातला एक त्र्यंबक साळिंदर. त्याला सगळ्यातलं सगळं कळायचं. असं त्याचं मत होतं. बाकीच्यांना कुणी विचारलं नव्हतं. माझी त्याची अगदी लहानपणापासूनची ओळख आहे, म्हणून सांगतो.

त्याच जंगलात करवंदीच्या जाळीमागे सांबरीणकाकू राहायच्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे उरला होता एक टीव्ही, एक जुना व्हीसीआर आणि लेकीच्या लग्नाची कॅसेट. त्या कॅसेटमध्ये एका ठिकाणी काका हसले होते. काकू तेवढंच लावून बघायच्या.

यंदा काकूंना काचबिंदू झाला. ही थंडी संपेपर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं घुबडवैद्यांनी स्पष्टच सांगितलं. दिसतंय तोवर काकांना एकदा बघून घ्यायचं, एवढंच काकूंच्या मनात होतं.

नेमका तेव्हा त्र्यंबक चहाला आला. व्हीसीआरवर घड्याळाचे हिरवे आकडे चमकत होते.

"काकू, हा कायम चालू ठेवता?"

"हे होते तेव्हापासून चालूच आहे रे. कधी बंद केला नाही."

"तेच चुकतं. यंत्रालासुद्धा विश्रांती लागते."

असं म्हणून मी प्लग काढला. मी म्हणजे, त्र्यंबकने काढला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी प्लग पुन्हा लावला. आकडे आले नाहीत. बटण दाबलं. काही नाही. काकूंनी त्र्यंबकला बोलावलं.

"मी बघतो," त्र्यंबक म्हणाला. बाळांनो, या दोन शब्दांनी जंगलाचं जेवढं नुकसान झालंय तेवढं वणव्याने झालेलं नाही.

"थंडीने गारठला असेल," काकू म्हणाल्या. "ओवा गरम करून शेक देऊ का?" काकू सगळ्यांना ओव्याचा शेक द्यायच्या. गुडघ्यांना, नातवंडांच्या पोटाला, एकदा तर रेडिओलाही दिला होता.

त्र्यंबक इतका हसला की त्याचे काटे खळखळले. "काकू, हे इलेक्ट्रॉनिक्स आहे. पोट नाही."

त्याने झाकण उघडलं. मीटरच्या दोन वायरी स्वतःच्या दोन काट्यांना बांधल्या आणि फ्यूज तपासला. फ्यूज चांगला निघाला. त्याचा त्र्यंबकला फार आनंद झाला. फ्यूजच गेला असता तर काम दोन मिनिटांत संपलं असतं आणि कौतुक कुणी केलं नसतं.

"पॉवर सप्लाय गेलाय," त्याने जाहीर केलं.

मग त्याने सगळ्यात मोठा कपॅसिटर बदलला, कारण तो सगळ्यात मोठा होता. पुढच्या दिवशी डायोड बदलले. मग ट्रान्झिस्टर. पाचव्या दिवशी बदललेलं सगळं त्याने पुन्हा एकदा बदललं. कोपऱ्यात शेंगदाण्याएवढा एक कपॅसिटर होता, त्याच्याकडे मात्र पाहिलंही नाही. एवढ्याशाने काय होणार? शेवटी दोन स्क्रू उरले. ते त्याने काट्यांत लपवले.

काकू रोज विचारायच्या, "दिसेल ना रे?" आणि रोज आपली खुर्ची थोडी टीव्हीजवळ ओढायच्या. त्र्यंबकला वाटलं, काकूंना त्याचं काम जवळून बघायची आवड आहे.

सातव्या दिवशी त्याने झाकण लावलं. "जुनं मॉडेल आहे, काकू. आता काही होणार नाही." त्र्यंबक हात धुवायला ओढ्यावर गेला.

परत येऊन बघतो तर काकूंनी व्हीसीआरच्या पाठीवर ओव्याची गरम पुरचुंडी ठेवली होती. वरून हलक्या हाताने त्या ती दाबत होत्या. आणि हिरवे आकडे लुकलुकत होते.

त्र्यंबकने आधी पुरचुंडीकडे पाहिलं, मग आकड्यांकडे. तो जाणकार होता, त्यामुळे गप्प राहू शकला नाही.

"अर्थात," तो म्हणाला. "तो छोटा कपॅसिटर. वर्षानुवर्षं तापून आतून सुकलेला. यंत्र चालू असतं तोवर ऊब असते, तो तग धरतो. एकदा बंद केलं की गार पडतो आणि यंत्र पुन्हा सुरू होत नाही. मी हेच म्हणत होतो."

"बंद कुणी केला होता?" काकूंनी विचारलं.

"पाच मिनिटं द्या. प्लग काढतो आणि तो कपॅसिटर बदलून टाकतो."

"हात लावलास तर बघ. बस खाली."

त्र्यंबक खाली बसला. हातात काही काम नसताना तो आयुष्यात पहिल्यांदाच बसला होता.

कॅसेट सुरू झाली. मंडप दिसला, अक्षता पडल्या, आणि कॅमेरा काकांकडे वळला. तेवढ्यात मध्ये एक पाठ आली. काट्यांनी भरलेली, भली रुंद. ती पाठ कॅमेरावाल्याला कॅमेरा कसा धरायचा ते समजावत होती. काट्यांच्या वर काकांच्या शिंगांची टोकं तेवढी हलत होती.

"काकू, हा तर..."

"तूच. इतकी वर्षं तुझीच पाठ बघतेय."

"मग कधी बोलला कशा नाहीत तुम्ही?"

"काय बोलायचं? ते हसले की त्यांची शिंगं हलायची. तेवढी दिसतात ना." काकूंनी डोळे पडद्याला अगदी चिकटवले. "दिसतात अजून."

त्र्यंबकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो सतरंजीवर नकळत बाजूला सरकला. टीव्हीतला काही सरकला नाही.

तात्पर्य : चालू यंत्राला हात लावू नये, असं तुम्ही म्हणाल, बाळांनो. साफ चूक. मग आम्ही साळिंदरांनी दिवसभर करायचं काय? जाणकाराला सात दिवस मनासारखं काम करू द्यावं आणि तोवर ओवा तव्यावर ठेवावा, हे खरं तात्पर्य. आणि तुमच्या घरी लग्न निघालं तर मला जरूर बोलवा. कॅमेरा कसा धरायचा ते हल्लीच्या पोरांना अजिबात कळत नाही.