उजव्या लेनमधले जावई

सासरेबुवा धाकट्या जावयाच्या नव्याकोऱ्या गाडीत पुढच्या सीटवर बसले, तेव्हाच थोरल्या जावयांच्या पोटात दुखायला लागलं. दुखणारच हो! लग्न झाल्यापासून सासरे प्रवासाला निघाले की थोरल्यांच्याच शेजारी बसायचे. आणि सासरे काय साधेसुधे? सारा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवलेला माणूस! दोन्ही जावयांना गाडी त्यांनीच शिकवली. असा माणूस आपल्या शेजारी बसतो, म्हणजे आपला हात किती सफाईदार असेल, हे थोरले भेटेल त्याला ऐकवायचे.

नात्यातल्या लग्नाला निघालेल्या दोन्ही गाड्या हायवेला लागल्या. आरशात ती चकचकीत गाडी दिसली मात्र, थोरल्यांनी आपली जुनी गाडी सरळ उजव्या लेनमध्ये घातली आणि तिथेच ठाण मांडलं.

"अहो, ही ओव्हरटेकची लेन. डावीकडे घ्या ना," बायको म्हणाली.

"शंभरची मर्यादा आहे, मी बरोबर शंभरावर आहे. याच्यापुढे जाईल तो गुन्हेगार!"

"डावीकडे सगळं मोकळं आहे की!"

"असू दे. त्याला पुढे जाऊन मिरवायचंय. मला कळत नाही होय?"

धाकटा सासऱ्यांचा शिष्य, नियम मोडून डावीकडून गाडी पुढे कशाला काढतोय? तो मुकाट मागे राहिला. त्याच्यामागे एक जीप आली, मग बस, मग आणखी बऱ्याच गाड्या. डावीकडे एक ट्रक आला आणि शेजारी शेजारी चालू लागला. झालं! रस्ताच बंद. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला.

"बघ, कसा जळतोय!" थोरले खूश होऊन म्हणाले.

पुढच्या वळणावर हवालदाराने हात केला.

"साहेब, मी मर्यादेतच होतो!"

"होतात ना. पण मागे वरात केवढी जमलीय बघा. पुढे गेलं की डावीकडे यायचं असतं. गाडी शिकवली कोणी तुम्हाला?"

"मी," मागून आवाज आला. सासरेबुवा धाकट्याच्या गाडीतून उतरून आले होते. थोरल्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दंड भरून झाला. सासऱ्यांनी लेकीला मागे बसवलं आणि स्वतः पुढे बसले. थोरल्यांचा चेहरा उजळला.

"करमलं नाही ना तिकडे?"

"झकास झोप लागली होती हो. तुमच्यापायी मोडली."

"मग इकडे कसे आलात?"

"जावईबापू, इतकी वर्षं मी तुमच्या शेजारी कशासाठी बसत होतो असं वाटलं तुम्हाला? धाकट्यांवर लक्ष ठेवावं लागत नाही. द्या इंडिकेटर. डावीकडे घ्या."

थोरले कानापर्यंत लाल झाले. इंडिकेटर देऊन त्यांनी गाडी डावीकडे घेतली. मग राहवेना, तेव्हा त्यांनी मान वळवून बायकोला हळूच विचारलं, "पण शेवटी बसले कोणाच्या गाडीत, बघितलंस ना?"

"समोर बघा!" सासरे कडाडले.