राणीसाहेबांची धोंडी

राणीसाहेबांना कोणतीही नवी वस्तू मिळाली की त्या तिचं नाव धोंडी ठेवत. विलायतेहून आलेली निळ्या डोळ्यांची बाहुली, धोंडी. वर्गातला पृथ्वीचा गोल, तोही धोंडी. बागेतल्या मोराचंही नाव धोंडीच. अहो, तो नर आहे, असं मी सांगून पाहिलं. "असू द्या की," एवढंच उत्तर आलं.

राणीसाहेब तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या आणि मी दहाची. बडोद्याच्या राजघराण्याच्या नात्यातल्या एका महालात त्या सून म्हणून आल्या होत्या. मुलींनी शिकलंच पाहिजे असा महाराजांचा आग्रह, म्हणून महालातच शाळा मांडलेली. एकटीला करमायचं नाही, म्हणून आम्हा तीन-चार कारकुनांच्या मुलींना रोज बग्गी पाठवून गोळा करत. पाढे राणीसाहेब चुकत आणि छडी आम्हाला बसे. शिक्षणाची ही पद्धत फार सोयीची होती, फक्त आमच्या हातांना मानवत नव्हती.

हजेरी हा रोजचा तमाशा. मास्तर "सौदामिनीराजे" म्हणून पुकारत आणि राणीसाहेब खुशाल खिडकीबाहेर पाहत बसत. हे नाव लग्नात मिळालेलं. तांदळात अंगठीनं लिहिलं, पेढे वाटले, जुनं नाव संपलं. ते जुनं नाव होतं धोंडी. आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं मुद्दाम दगडाचं नाव ठेवलेलं. "आय म्हणती, दगडाला कोण नेतंय?" असं राणीसाहेब मला कितीदा तरी ऐकवत. महालात त्यांना त्या नावानं हाक मारायची सक्त मनाई होती. मोराला मारायला मात्र मनाई नव्हती.

पुढे त्यांना बसायला शिकण्यासाठी एक लहानशी पांढरी घोडी आली. जवळच्या छाणी गावचा म्हातारा मोतद्दार तिची देखभाल करी; राणीसाहेबांना तो आपल्या गुजरातीत 'बा', म्हणजे बाईसाहेब, म्हणे. नाव ऐकून तो कळवळला. "बा, आवी रूपाळी घोडीनुं नाम धोंडी? लोको हसशे!"

"हसू द्या की."

तेव्हापासून बागेत दिवसभर "धोंडी, चाल!" "धोंडी, पाणी पी!" अशा हाका चालत आणि राणीसाहेब खिडकीशी कान देऊन बसत. तेवढा वेळ त्यांचा चेहरा निवलेला असे.

बाकी सगळं बोलणं "आय आली की" नं सुरू होई. आय आली की तिला खुर्चीवर बसवीन. आय आली की तिला काटा-चमचा दाखवीन. नणंदेच्या लग्नाला आई येणार, असं ठरलं होतं.

ती प्लेगची वर्षं होती. लग्न तोंडावर आलं असताना एका संध्याकाळी माझ्या बाबांनी माझ्या आईला हळूच सांगितलं, ते मी ऐकलं. राणीसाहेबांची आई महिन्यापूर्वीच गेली होती. पण लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक तीन दिवस, आणि तेही कळल्यापासून धरायचं असतं. थोरल्या बाईसाहेबांनी, म्हणजे राणीसाहेबांच्या सासूबाईंनी, हुकूम सोडला की लग्न पार पडेपर्यंत सूनबाईंना कळता कामा नये. शास्त्र मोडलं नाही तरी वाकवता येतं, हे मी त्या दिवशी शिकले. मला त्या बाईंचा अजूनही राग येतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी राणीसाहेबांचे वडील आले. पागोटं, अंगरखा, पायांत नव्या करकरणाऱ्या वहाणा. आम्ही बागेत होतो. लेक धावणार इतक्यात त्यांनी कमरेत वाकून मुजरा केला. "राणीसरकार, मुजरा."

धावणारे पाय जागीच थांबले. "आबा, आय?"

आबांनी ओसरीकडे पाहिलं. तिथे थोरल्या बाईसाहेबांची खास बाई लक्ष ठेवून उभी होती. "मागनं येतील, सरकार."

राणीसाहेबांनीही ओसरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझी घोडी बघा ना. नाव धोंडी ठेवलंय."

आबा घोडीपाशी गेले. तिच्या मानेवर हात ठेवला, तोंड तिच्या कानाशी नेलं.

"धोंडे, तुझी आय गेली गं," ते म्हणाले. "जाताना तुझंच नाव घेत हुती. आता तिची वाट बघू नगंस. चार घास खात जा, बाळा."

हरभऱ्याची पाटी घेऊन मी शेजारीच होते. ओसरीवरच्या बाईला ऐकू गेलं नाही. खेडवळ माणूस घोडीचे लाड करतोय असं समजून ती हसली. राणीसाहेब आबांचा हात पाहत राहिल्या. मीच भोकाड पसरलं, आणि घोडीनं पाय दिला असं सांगून सुटले.

दुसऱ्या दिवशी वरातीचे घोडे सजले. पांढरी घोडी शोभेसाठी सगळ्यांत पुढे, झूल आणि गोंडे घालून. तेवढ्यात शालू आणि दागिने सावरत राणीसाहेब पायऱ्या उतरून आल्या.

"धोंडीला नेऊ नका. तिची आय वारली. तिला सुतक आहे."

सगळा चौक हसला. थोरल्या बाईसाहेबांनी तर डोळे पुसले. "आमच्या सूनबाईंचं एकेक!"

मोतद्दार तेवढा हसला नाही. राणीसाहेबांच्या तोंडाकडे त्यानं एकदा पाहिलं, "हा, बा," म्हणाला आणि झूल उतरवली. घोडी पागेत गेली. राणीसाहेब सांगितलेल्या जागी जाऊन बसल्या, करवल्यांत, नथ घालून.

तीन दिवस म्हाताऱ्यानं त्या घोडीला कुणाला हात लावू दिला नाही.