चार हबकॅप आणि पुदिन्याच्या वड्या

लोवेल स्टट्समनने आयुष्यात मोठे निर्णय असे फारसे घेतलेच नव्हते. ते खातं बायकोकडे, मार्लिसकडे होतं. घर कुठं घ्यायचं, गाडी कुठली घ्यायची, लग्नकार्याला लोवेलने कुठला शर्ट घालायचा, हे सगळं ती ठरवायची. लोवेलच्या वाट्याला किरकोळ निर्णय यायचे. त्यातलाच हा एक. आपल्या वॅगनच्या चार हबकॅप बदलायच्या, एवढंच त्याने ठरवलं.

वॅगन म्हणजे खरीखुरी नव्हे. तळहाताहून थोडी लांब, अस्सलच्या पंचविसाव्या हिश्शाची, प्लॅस्टिकची. पण तिच्यावर लोवेलने इंडियानातला एक अख्खा हिवाळा खर्च केला होता. मार्लिसच्या वडिलांकडे अशीच हिरवी स्टेशन वॅगन होती. लग्नानंतर चर्चच्या दारातून ही दोघं त्याच गाडीतून निघाली होती आणि रिवाजाप्रमाणे मागे बांधलेले रिकामे डबे खडखडत होते. तो हिरवा रंग जमवायला लोवेलने सतरा डबे उघडले आणि शेवटी मार्लिसच्या जुन्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरून तो घेतला. आतल्या सीटवर घडी घातलेला नकाशासुद्धा होता. तो बघायला चष्म्यावर चष्मा लावावा लागे, ही गोष्ट वेगळी.

सगळं मनासारखं झालं होतं, पण हबकॅप चुकल्या होत्या. चाकाच्या मधली ती चकचकीत टोपी सुट्या भागांच्या खोक्यात आली होती ती पुढच्या वर्षीच्या गाडीची. जगात हे कुणाच्याही लक्षात आलं नसतं. फक्त रॉलंड बीचलरच्या आलं असतं, आणि नेमका रॉलंड बीचलरच मॉडेल क्लबच्या स्पर्धेचा परीक्षक होता. गळ्यात दोरीला भिंग अडकवून तो टेबलाटेबलावरून फिरायचा आणि लोवेलच्या गाडीपाशी आला की नुसतं "हं" म्हणायचा. इतकी वर्षं स्पर्धेत भाग घेऊन लोवेलच्या पदरात काय पडलं होतं, तर हे 'हं' आणि भाग घेतल्याबद्दलची पांढरी फीत. (ती क्लबच्या सेक्रेटरीच्या कुत्र्यालाही एकदा मिळाली होती.) यंदा पहिल्या नंबरची निळी फीत आणायचीच, असं त्याने मनाशी धरलं होतं. स्पर्धा रविवारी दुपारी होती.

म्हणून त्याने एक हबकॅप स्वतः कोरली, तिच्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा केला आणि साच्यात रेझिन ओतायला बसला. काम तसं सोपं आहे. दोन बाटल्यांतली औषधं सारखी घ्यायची, ढवळायची आणि घट्ट व्हायच्या आत ओतायची. बघता बघता पाण्यासारखं रेझिन दुधासारखं पांढरं होतं आणि साच्यातून टणक टोपी बाहेर पडते. फक्त त्याला दमट हवा सोसत नाही. हवेत ओल असली की ते फसफसतं आणि हबकॅपऐवजी पावाचा तुकडा हातात येतो.

लोवेलचं टेबल गॅरेजमध्ये होतं तोवर ठीक चाललं होतं. पण नात टेसा हायस्कूल पास झाली आणि तिचं ओपन हाउस, म्हणजे पास झाल्याची मेजवानी, शनिवारी आजीच्या गॅरेजमध्ये करायचं ठरलं. मार्लिसने लोवेलला टेबलासकट तळघरात धाडलं. तळघर इतकं दमट की तिथं बिस्किटंसुद्धा कुरकुरत नाहीत, मऊ पडतात. तीन दिवस लोवेल पाव पाडत बसला.

वर, जेवणाच्या खोलीत, एसी होता. पण वरच्या मजल्यावर रेझिनला बंदी होती. मागे एकदा लोवेलने साचे शेकायला ओव्हनमध्ये ठेवले होते आणि त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या टर्कीला पेट्रोल पंपाचा वास येत होता. तेव्हापासून हा कायदा लागू झाला होता. शुक्रवारी संध्याकाळी मार्लिस आणि तिची धाकटी बहीण व्हर्ना चर्चमधून खुर्च्या आणायला गेल्या, आणि लोवेलने कायदा मोडला.

जेवणाच्या टेबलावर मेणकागद पसरून मार्लिसने पुदिन्याच्या वड्या वाळत घातल्या होत्या. क्रीम चीज, पिठीसाखर आणि पुदिन्याचा अर्क मळून रबरी साच्यात दाबायच्या, की झाल्या. पंचक्रोशीत लग्न असो, बारसं असो, वड्या मार्लिसच्याच. यंदाच्या वड्या पांढऱ्या होत्या आणि शेवंतीच्या फुलाच्या आकाराच्या होत्या. टेबलाच्या एका कोपऱ्यावर लोवेलने आपला संसार मांडला. पुष्कळ टोप्या फुकट गेल्या, पण चार जमल्या. पाचवी काढताना साचा कडेला फाटला. कोरलेली मूळ हबकॅप तर आधीच साच्यातून सोडवताना दुभंगली होती. म्हणजे पृथ्वीतलावर आता या चारच.

ताजं रेझिन रात्रभर सपाट पडून राहिलं नाही तर वाकडं होतं. तळघरातली जमीन विश्वासाची नव्हती. लोवेलने चार हबकॅप मेणकागदाच्या कडेला नीट मांडल्या, बाकीचा पुरावा तळघरात नेला आणि समाधानाने झोपला. पांढऱ्या, गोल, पाकळ्यापाकळ्यांच्या, बोटाच्या पेराएवढ्या वस्तूंच्या शेजारी आपण पांढऱ्या, गोल, पाकळ्यापाकळ्यांच्या, बोटाच्या पेराएवढ्या चार वस्तू ठेवून आलो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या नजरेला त्या हबकॅप होत्या आणि शेजारी खाऊ होता.

सकाळी तो उठून आला तेव्हा टेबल लखलखीत पुसलेलं होतं. व्हर्नाने सगळ्या वड्या साखरेत घोळवून काचेच्या तीन मोठ्या वाडग्यांत भरल्या होत्या आणि ते वाडगे गॅरेजमध्ये हॅम सँडविचच्या रांगेत नेऊन ठेवले होते.

"कडेच्या त्या चारही घेतल्यास?" लोवेलने विचारलं.

"सगळ्या घेतल्या, दाजी," व्हर्ना म्हणाली. "तुमच्यासाठी मागे ठेवायला तुम्हाला परवानगी कुठंय?"

हे दुसरं संकट. डॉक्टरांनी वसंतातच लोवेलची साखर बंद केली होती आणि मार्लिस ती अंमलबजावणी चोख करत होती. खरं सांगावं तर वरच्या मजल्यावर रेझिन आणल्याचं उघड होणार. न सांगावं तर कुणाची तरी दाढ जाणार, आणि हबकॅप तर जाणारच. लोवेलने मध्यम मार्ग काढला. पाहुणे वड्या खायच्या आधी आपणच त्या तपासायच्या.

तपासायच्या कशा, हा प्रश्न होता. साखरेत घोळल्यावर सगळ्या सारख्याच दिसत होत्या. बोटाने दाबून बघावं म्हणून त्याने सुरुवात केली, तर पाद्री ग्लेन शेजारी येऊन उभे राहिले आणि त्याच्या बोटांकडे बघू लागले. वाडग्यातल्या वड्या एकेक चिमटीत धरून परत ठेवणारा यजमान कुणाला आवडेल? लोवेलने चिमटीतली वडी तोंडात टाकली. ती मऊ होती. दुसरी टाकली. तीही मऊ निघाली. एकदा तोंडात टाकली की परत ठेवता येत नाही, त्यामुळे त्या गिळणं भाग होतं. थोड्या वेळाने दाढेखाली 'कट्' झालं आणि लोवेलच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं आणि आनंदाचं निम्मं निम्मं होतं. त्याने तोंड पुसल्यासारखं करून पहिली हबकॅप रुमालात घेतली.

दुसरी मधल्या वाडग्यात सापडली. तिसरी टेसाच्या गणिताच्या मास्तरांच्या बशीत होती. त्यांना बेसबॉलच्या गप्पांत गुंतवून लोवेलने ती उचलली आणि त्यांच्यासमोरच तोंडात टाकली. मास्तर सभ्य होते. त्यांनी उरलेली बशीही पुढे केली.

तिसऱ्या वाडग्याच्या तळाशी पोचेपर्यंत लोवेलला पुदिन्याचे ढेकर येत होते आणि गॅरेजचे दिवे जरा जास्तच उजळ वाटत होते. तेवढ्यात मार्लिस समोर आली.

"डॉक्टरांनी तुला काय सांगितलंय, लोवेल?"

"साखर कमी कर."

"मग हे काय चाललंय?"

"कमीच करतोय," लोवेल भरल्या तोंडाने म्हणाला. "वाडग्यातली."

मार्लिसने वाडगा काढून घेतला. पाहुण्यांसमोर ती एवढंच करू शकत होती. उरलेलं तिने नजरेने केलं.

वाडग्यात चौथी नव्हती. लोवेल हताश होऊन बाहेर आला तर मार्लिसच्या ओपल मावशींना त्यांचा मुलगा गाडीत बसवत होता. मावशी नव्वदीच्या. कवळीमुळे त्या काही चावत नसत, नुसतं चघळत. त्यांचा डावा गाल चांगलाच फुगलेला होता.

"मार्लिस, यंदाच्या वड्या काय टिकतात गं," त्या खिडकीतून म्हणाल्या. "ही एक मी जेवणापासून चघळतेय."

लोवेल धावला. धावताना काय बोलायचं ते ठरवायला हवं होतं, पण अंगात इतकी साखर गेल्यावर माणूस विचार करत नाही. त्याने खिडकीची काच धरली आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या तोंडातली ती वडी जरा मला देता का?"

अंगणातली सगळी बोलणी थांबली. ओपल मावशींनी त्याच्याकडे खूप वेळ बघितलं.

"अरे लोवेल," त्या हळूच म्हणाल्या, "आत वाडगेच्या वाडगे भरलेत. तुला माझ्या तोंडातलीच हवी?"

काच वर गेली, गाडी निघाली आणि मावशींचा फुगलेला गाल वळणाआड दिसेनासा झाला. मागे व्हर्ना कुणाला तरी सांगत होती, की डॉक्टरांनी साखर एकदम बंद करायला नको होती, माणसाचं असं होतं.

पाहुणे गेल्यावर लोवेलने सगळं कबूल केलं. मार्लिस घडीच्या खुर्च्या मिटता मिटता ऐकत होती. तो बोलायचा थांबला तेव्हा तिने विचारलं, "कुठली गाडी आहे ही?"

"तुझ्या वडिलांची," लोवेल म्हणाला. "हिरवी. आपण बसून गेलो ती."

सबंध हिवाळा तिने त्या गाडीकडे ढुंकून बघितलं नव्हतं. आता ती तळघरात उतरली आणि दिव्याखाली वॅगन धरून उभी राहिली. आतला नकाशा तिला चष्म्याशिवाय दिसला. तिचे डोळे भरून आले आणि ते तिने लपवलेही नाहीत. मग ती म्हणाली, की मावशी तासन् तास कुठलीही वडी चघळतात, ती हबकॅप असेलच असं नाही. तू झोप, मी टेबलक्लॉथ झाडून बघते.

आणि खरंच, सकाळी लोवेलच्या टेबलावर चौथी हबकॅप होती. टेबलक्लॉथच्या घडीत सापडली, असं मार्लिस म्हणाली. तिला आनंदाने मिठी मारावी तितकी थोडी होती. लोवेल ती साबणाने धुवायला निघाला तेव्हा मात्र मार्लिस गडबडीने म्हणाली, "धुवू नकोस. मी धुतलीय. आणि हातात फार वेळ धरू नकोस, चर्चला उशीर होतोय." त्याने चौघींवर चंदेरी रंग फवारला आणि चाकांवर बसवल्या.

अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये दुपारी रॉलंड बीचलर वॅगनपाशी आला. भिंग डोळ्याला लावून तो एकेका चाकापाशी थांबला. लोवेल 'हं'ची वाट बघत होता.

"तीन चाकांवर एकेक बुडबुडा आहे," रॉलंड म्हणाला. "ठीक. सगळ्यांच्यात असतात. पण हे मागचं उजवं..." तो खाली वाकला, आणखी वाकला. "असं कास्टिंग मी आजवर पाहिलेलं नाही. कसं केलंस?"

निळी फीत लोवेलच्या हातात आली आणि लोवेलच्या तोंडाचा नळ सुटला. भोवती मंडळी जमली. त्याने सांगितलं की हा सगळा मनगटाचा खेळ आहे. तीन केल्यावर हात बसला आणि चौथ्या वेळी रेझिन आपणहून साच्यात उतरलं. हे शिकवून येत नाही, हाताला समजावं लागतं. कुणीतरी लिहून घेऊ लागलं. मार्लिस पर्स पोटाशी धरून हॉलच्या छताचं निरीक्षण करत होती.

परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "काल ओपल मावशींचा फोन आला होता. ती वडी त्यांनी हायवेवर खिडकीतून थुंकून दिली. चवच नव्हती म्हणाल्या."

सिग्नल हिरवा झाला. लोवेल हलला नाही. मागच्याने हॉर्न दिला.

"मग मागच्या उजव्या चाकावर काय आहे?"

"पिठीसाखर, पुदिन्याचा अर्क आणि क्रीम चीज, नावाला. ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवली. तुझा साचा फाटला होता, त्याला कपड्यांचा चिमटा लावला."

लोवेलने गाडी पुढे काढली. त्याला रागावायचं होतं, पण मांडीवर निळी फीत होती आणि शेजारी रात्र जागलेली बायको होती. शेवटी त्याच्यातल्या कारागिराला राहवेना.

"बुडबुडा कसा आला नाही?"

"साच्याला आधी साखर भुरभुरायची असते," मार्लिस म्हणाली. "मनगटाचं मला काही माहीत नाही." मग दोघंही इतकी हसली, की गाडी रस्त्याकडेला घ्यावी लागली.

घरी आल्यावर लोवेलने वॅगन मुंग्यांच्या भीतीने काचेच्या बरणीत ठेवली. सोमवारी सकाळी रॉलंड बीचलरचा फोन आला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच घरी फोन करत होता. त्याचा आवाज एकदम नरम होता. त्याला त्याच्या गाडीसाठी चार हबकॅप करून हव्या होत्या, पण चारही अगदी त्या मागच्या उजव्यासारख्या, आणि करायच्या त्याच हाताने.

लोवेलने क्षणभर रिसीव्हरकडे बघितलं आणि तो मार्लिसच्या हातात दिला.