स्वयंपाकघराची राखण

रानडुक्कर आणि लेकराची रात्रीची भूक यांच्यात मुळात काहीच फरक नाही. दोघेही निजानीज झाल्यावर येतात, दोघांनाही वाट पाठ असते, आणि नुकसान किती झाले ते सकाळीच कळते. साखरखेर्ड्याच्या शेषरावला हे सत्य उमगले, तेव्हा मध्यरात्र झाली होती आणि त्याची चौथीतली पोरगी प्रेरणा अंधारात बसून डब्यातली शेव खात होती.

शेषराव म्हणजे साधी असामी नव्हे. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा हरभरा डुकरांनी लोळवला, पण याच्या वावरात डुक्कर म्हणून शिरले नाही. (एक शिरले होते, ते वाट चुकले होते, असे शेषरावचे म्हणणे.)

प्रेरणाचा दिनक्रम मोठा शिस्तीचा. संध्याकाळी पाच रुपयांचे चटपटीत पाकीट, जेवायला बसल्यावर दोन घास आणि "पोट भरलं", सगळे आडवे झाले की "मले भूक लागली", त्यानंतर कोंबडा आरवेपर्यंत गप्पा, आणि सकाळी शाळेच्या प्रार्थनेत उभ्या-उभ्या झोप. शेवटी बाईंचा निरोप आला: पोरगी पुन्हा डुलताना दिसली, तर सव्वीस जानेवारीच्या लेझीममधून बाहेर. पहिल्या रांगेत जागा मिळावी म्हणून प्रेरणाने दिवाळीपासून घरातली सांडशी वाजवून सराव केला होता. ती हमसून रडली. बापाचे काळीज हलले आणि त्याने प्रकरण स्वतःच्या हाती घेतले. इथून पुढचे नुकसान टाळता आले नाही.

"निजाच्या आधी दूध-भाकर देत जाऊ ना तिले," त्याची बायको पूनम म्हणाली.

"चारा टाकला का जनावर सवकते," शेषराव म्हणाला. "उद्या ते कळप घेऊन येते."

"अहो, पोरगी हाय ते तुमची!"

"म्हनूनच म्हनतो. हुशार असन."

तज्ज्ञापुढे कोण बोलणार? वावराला बांधतात तशा जुन्या साड्या स्वयंपाकघराच्या दाराला बांधण्यात आल्या. पिठाच्या डब्याशेजारी बुजगावणे उभे राहिले. त्याला शेषरावचाच सदरा घातला. (दाराला कुंपणाचे विजेचे झटका मशीन लावण्याचा विचार होता. पूनमने लाटणे दाखवले, विचार मागे घेण्यात आला.) आणि सर्वांत वर, फडताळावर, वावरातला बॅटरीचा भोंगा. त्यात शेषरावच्याच आवाजात भरलेले होते: "हाऽऽ हुर्रर्र! कोन हाय बे तिकडं? थांब, येऊन राह्यलो!" दर दहा मिनिटांनी.

पहिल्या रात्री भोंगा गरजला. प्रेरणा कूस बदलून अधिकच गाढ झोपली. लहानपणी ती वावरातल्या राखणीच्या माचणीवर याच आवाजात निजायची. तिची अंगाईच ती. शिवाय पूनमने नवऱ्याची पाठ वळताच तिला दूध-भाकर चारली होती. म्हणजे उपाय पहिल्याच रात्री लागू पडला, फक्त कोणता ते शेषरावला कळले नाही.

बाकी घर मात्र जागे झाले. शेषरावची आई झुंबरबाई चाचपडत स्वयंपाकघरात गेली आणि बुजगावण्याशी सुनेबद्दल, गुडघ्यांबद्दल आणि धाकट्या जावेबद्दल सविस्तर बोलून परतली. "आज पयल्यांदा लेकानं माह्यं सारं आयकून घेतलं," ती सकाळी म्हणाली. तेव्हापासून ती रोज जाते.

शेजारचा कलीम काठी घेऊन धावत आला. "शेषरावभाऊ, चोर कुठी हाय?"

"चोर नाही बे. पोरगी हाय."

"ते तं झोपली."

"तेच तं! राखण हाय म्हनून झोपली."

आता माणूस एवढ्या थंडीत धावत आला, त्याला कोरड्या घशाने कसा धाडायचा? चहा झाला. चहासोबत टोस आले. दुसऱ्या रात्री कलीमची आई चांदबी शिरा घेऊन आली. कारण झोप मोडलीच आहे, तर पोटाने काय घोडे मारले? चार-पाच रात्रींत निम्मी गल्ली राखणीला बसू लागली. पोहे होत, कधी भजी. गल्लीतल्या थोरांची भूक दुप्पट आणि झोप निम्मी झाली, हे प्रमाण कोणत्याही योजनेला शोभावे असे आहे. दूध-भाकरीची गोष्ट एव्हाना सगळ्यांना कळली होती. शेषरावला कोणी सांगितली नाही. राखण उठली असती, तर भजीही उठली असती.

सव्वीस जानेवारीला प्रेरणा पहिल्या रांगेत अशी टवटवीत नाचली, की बाईंनी स्वतः शाबासकी दिली आणि बापाचे अभिनंदन करायला पालकांच्या रांगेकडे वळल्या. तिथे शेषराव, कलीम, झुंबरबाई आणि सबंध गल्ली एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून घोरत होती. लेझीमच्या ठेक्यावर, एका सुरात.

"प्रेरणा," बाई म्हणाल्या, "घरी लवकर निजवत जा बरं यांले."

"आयकत नाहीत, बाई," प्रेरणा म्हणाली. "भूक लागते त्यांले."

या यशानंतर शेषराव असे भोंगे घरोघर बसवणार आहे. तुमचे घरही त्यात आहे. लेकराची काळजी नको, ते केव्हाच झोपले. आवाज फक्त डब्याचे झाकण हळूच उघडणाऱ्यासाठी आहे. तेव्हा हे वाचता वाचता ज्या डब्यात हात गेला आहे, तो आधी बाहेर काढा.