गडबडच्या जागी साहेब

कुत्री फिरवणाऱ्या ताई पाहणीला येणार होत्या आणि गडबड सोफ्याची उशी तोंडात धरून बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून बैठकीत अशा फेऱ्या घालत होता. नवरा त्याच्यामागे धावत होता. बायको दारापाशी उभी राहून, डाव्या हाताने उजव्या मनगटावरची पट्टी घट्ट करत, दोघांकडे सारख्याच नजरेने बघत होती.

मनगटावरची पट्टी गडबडमुळेच आली होती. मागच्या महिन्यात तिने त्याला फिरायला नेलं, म्हणजे फाटकापर्यंत तिने त्याला नेलं आणि पुढे त्याने तिला. दोघं थांबली ती रस्त्याकडेच्या चरात. तेव्हापासून दुपारचं फिरणं बंद झालं, आणि दुपारी घराला कुलूप लागलं की गडबड गळा काढू लागला. साधंसुधं रडणं नव्हतं ते. घरातलं कर्तं माणूस गेल्यासारखा तो रडे.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहत. ही दोघं त्यांना मावशी म्हणत. मावशींचा स्वतःचा एक कुत्रा होता, साहेब. गडबडसारखाच तपकिरी, तेवढाच उंच, छातीवर तसाच पांढरा डाग. फरक एवढाच, की साहेब बसला म्हणजे बसलेला असे. मावशींनी गडबडच्या रडण्याबद्दल आधी गोडीत सांगून पाहिलं. मग त्यांचा घोटा मोडला, पायाला प्लास्टर चढलं आणि दुपारची झोप एवढंच सुख उरलं. तेव्हा त्यांनी बायकोला खाली बोलावून बजावलं, की महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही, तर कुत्रा तरी जाईल नाहीतर बिऱ्हाड तरी.

बायको म्हणाली, बिऱ्हाड हलवण्याची ताकद माझ्यात नाही. मग कोण जाणार हे उघड होतं. कुत्रा आणायचा हट्ट नवऱ्याचा होता. छापखान्यात तो मुद्रितं तपासायचा. दिवसभर लोकांच्या चुका काढून घरी आल्यावर, आपल्यात एकही चूक न दिसणारं कोणीतरी दारात उभं असावं, एवढीच त्याची इच्छा होती. बायकोने ते मनाला लावून घेतलं नव्हतं.

फिरवणाऱ्यांपैकी दोघे येऊन गेले होते. एकाने फाटकाबाहेरूनच गडबडला पाहिलं आणि आपल्याला दुसरीकडे बोलावणं आहे हे त्याला आठवलं. दुसरा त्याला घेऊन गेला, पण परत आला तो एकटा गडबडच. आता उरल्या होत्या या ताई. त्यांचं नाव मोठं होतं आणि अट साफ होती: आधी घरी येऊन कुत्रा बघणार, आडदांड असेल तर घेणार नाही.

"हा पाच मिनिटं गप्प बसेल?" बायकोने विचारलं.

"बसेल की," नवरा म्हणाला. उशीचा एक कोपरा त्याच्या हातात होता. बाकीची उशी गडबडकडे होती.

बायको रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. एकाचा नमुना दुसऱ्याच्या नावावर गेला, असं तिच्या हातून आजवर कधी झालं नव्हतं. त्या बाईने तडक खाली जाऊन मावशींना सांगितलं, की तुमचा पाय असा, साहेबाला बिचाऱ्याला कोण फिरवणार, पाय बरा होईपर्यंत रोज दुपारी आम्ही त्याला बाहेर नेऊ. मावशींना भरून आलं. साहेब जिना चढून वर आला. नवरा गडबडला ओढत मागच्या लोखंडी जिन्याने उतरला, तेव्हा पुढच्या दाराची घंटा वाजत होती.

साहेबाने बस म्हटल्यावर बसून दाखवलं, मागितल्यावर पंजा दिला आणि ताईंनी दात तपासले तेव्हा तोंड स्वतःहून उघडलं. ताईंनी नाव विचारलं. बायकोने गडबड सांगितलं. असल्या गरीब जिवाला असलं नाव कोणी ठेवलं, असं ताईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे एक गृहस्थ आहेत."

बेत असा होता, की दोन-तीन दिवस साहेबाला पाठवायचं, ताई रुळल्या की हळूच खरा गडबड त्यांच्या हातात द्यायचा. पण पहिल्याच दुपारी परत येताना ताई म्हणाल्या, इतक्या वर्षांत असा कुत्रा पाहिला नाही, आणि बायकोची जीभ उचलली नाही. दुसऱ्या दिवशी ताईंनी त्याच्यासाठी मऊ पट्टा भेट आणला. तिसऱ्या दिवशी इतर गिऱ्हाइकांना दाखवायला त्याचा फोटो काढून नेला.

"उद्या बदलू," बायको रोज म्हणायची.

उद्या काही येईना. ताईंना लावलं होतं ते दुपारची कटकट मिटावी म्हणून. आता दुपार झाली की बायको खालून साहेबाला वर आणायची, नवरा छापखान्यातून धापा टाकत यायचा, गडबडला घेऊन मागच्या जिन्याने पळायचा, ताई पुढच्या दाराने साहेबाला न्यायच्या, आणि त्या त्याला परत सोडून जाईपर्यंत नवऱ्याला बाहेरच भटकावं लागायचं. मग साहेब खाली, गडबड वर, बायको प्रयोगशाळेत आणि नवरा धावत छापखान्यात.

छापखान्यात त्याने दाढेचं कारण सांगितलं होतं. एक दाढ किती दिवस पुरणार? त्याने दुसरी दुखवली. शेजारच्या टेबलावरचे लोक त्याला ऊन पाणी आणून देऊ लागले, तसा तो लाजेखातर एकाच बाजूने चावू लागला आणि ती सवय घरी जेवतानाही सुटेना. मालक म्हणाले, माझा मेहुणा दातांचा डॉक्टर आहे, त्याला एकदा दाखवा. तेव्हा याने घाईघाईने सांगून टाकलं, की आता फक्त वरची एक राहिली आहे.

ताई साहेबाला बागेत नेत, म्हणून नवरा बागेच्या उलट्या दिशेला, गोदामांच्या मागच्या निर्जन रस्त्याला लागे. तिथे सिमेंटचे मोठे पाइप पडलेले होते. पहिले काही दिवस गडबडने त्याला त्या रस्त्यावरून नुसतं फरफटवलं. मग एका दुपारी तो आपण होऊन थांबला. नवरा पाइपावर टेकला, गडबडने त्याच्या बुटावर हनुवटी ठेवली, आणि ताई, दाढ, मावशी, महिनाअखेर हे सगळं काही क्षण त्याच्या डोक्यातून गेलं. किती दिवसांत आपण असे नुसते बसलो नव्हतो, असं त्याला वाटलं. तेवढ्यात वारा फिरला. गडबडच्या नाकाला साहेबाचा वास लागला आणि तो उठला.

दोन रस्ते, एक कुंपण आणि बागेचं फाटक पार करून तो थांबला तो थेट साहेबाच्या पुढ्यात. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला नवरा होता. सदरा बाहेर, एक बूट गायब. ताईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या याला ओळखत नव्हत्या.

"तुमचा आहे का हा?"

हो म्हटलं तर पुढे कुठे राहता हे येणार, हे त्याच्या ध्यानात आलं. "नाही," तो म्हणाला. "मी नुसता फिरवतो."

"कोणाकडे आहात?"

"आहेत एक बाई."

"किती देतात?"

"देत नाहीत. म्हणजे, दोन वेळचं जेवण असतं."

ताईंच्या कपाळाला आठी पडली. "आणि राहायला?"

"तिथेच."

"सुट्टी?"

त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "तशी नसते."

"दादा," ताई म्हणाल्या, "याला नोकरी नाही म्हणत, वेठबिगारी म्हणतात."

संध्याकाळी त्याने हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, जेवणाचं कशाला बोललास, आणि अर्धा स्वयंपाक तर तूच करतोस. पण आता वाट चुकवून उपयोग नव्हता. गडबड रोज बागेचीच वाट धरायचा आणि साहेबाच्या शेजारून चालता चालता हळूहळू त्याच्याच चालीने चालायला लागला होता. ताई रोज विचारत, "आज बोललात का बाईंशी?" हा रोज म्हणे, उद्या बोलतो. त्या बाईंना एकदा समोर आणा, मग मी बघते, असं त्या सांगायच्या. घरी आल्यावर गडबड पाणी पिऊन आडवा व्हायचा तो अंधार पडेपर्यंत. रडायला त्याला सवडच नव्हती.

महिना संपत आला. मावशींचं प्लास्टर निघालं, म्हणजे साहेब उद्यापासून मिळणार नव्हता. पण मावशी गडबडबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या, आणि त्याचाच नवऱ्याला धसका बसला होता. जिन्यात भेटल्या की त्या त्याच्याकडे बघून नजर वळवायच्या. निकाल लागला आहे, फक्त सांगायचा राहिला आहे, अशी त्याची खात्री होत चालली होती.

शेवटच्या दुपारी ताई बागेत त्याची वाट बघतच उभ्या होत्या. त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला काम मिळालं होतं, इथलं आज संपत होतं.

"पण मी तुमची सोय केली आहे. चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"याच्या घरी." त्यांनी साहेबाकडे बोट केलं. "मॅडम जरा काटेकोर आहेत, पण मनाने चांगल्या. माझ्या जागी तुम्हाला लावते. घरात कोणी गृहस्थ आहेत म्हणे. मी काही कधी पाहिले नाहीत. काही करत नसावेत."

वाटेत त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा ताईंनी त्याला धीर दिला, की घाबरू नका, बोलायचं ते मी बोलते. फाटकातून आत शिरताच दोन्ही कुत्री जिना चढू लागली. ताईंना याच्या कुत्र्याच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

दार बायकोने उघडलं. दारात साहेब, ताई, गडबड आणि नवरा. हातातून काचेची नळी निसटावी आणि ती अजून जमिनीवर पडायची असावी, तसा तिचा चेहरा झाला.

ताईंनी ओळख करून दिली. माणूस प्रामाणिक आहे, सध्या एका बाईकडे फुकट राबतो आहे, तुम्ही ठेवून घ्या.

"अरे, तू..." बायकोच्या तोंडून निघालं.

ताईंनी हात वर केला. "मॅडम, कामाच्या माणसाला अहो म्हणायचं. तिथे त्यांना तोच त्रास आहे."

"अनुभव किती आहे... तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"महिनाभर," नवरा म्हणाला.

"आणि त्याआधी?"

"त्याआधी घरीच."

इतक्यात जिन्यात काठी वाजली. मावशी एकेक पायरी मोजल्यासारख्या चढत होत्या. साहेब उठला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसला.

"गडबडला तुमची चांगली ओळख दिसते," ताई म्हणाल्या.

"हा कुठला गडबड? हा माझा साहेब," मावशी म्हणाल्या आणि त्यांची नजर दुसऱ्या कुत्र्याकडे गेली. त्या होत्या त्या पायरीवर बसल्या. "अगं बाई. म्हणजे सोडून दिलं नाहीत तुम्ही याला?"

गडबडने जाऊन त्यांच्या मांडीवर तोंड ठेवलं. मावशींनी त्याच्या कानामागे खाजवलं.

"महिनाभर वरून हूं की चूं नाही. म्हटलं, माझ्या बोलण्यावरून दिलात कुठेतरी सोडून. त्यात तू रोज साहेबाला न्यायला यायचीस. म्हटलं, पोरीला करमत नाही. विचारायची माझी छाती होईना. दुपारी डोळ्याला डोळा नाही."

"मावशी, तो राहील ना मग?" नवऱ्याने विचारलं.

"राहू दे. झोप काय, तशीही येत नाही."

नवरा भिंतीला टेकला. ताई मात्र एकेकाकडे आळीपाळीने बघत होत्या.

"म्हणजे हे गृहस्थ ते?"

"हो," बायको म्हणाली.

"आणि त्या दोन वेळचं जेवण देणाऱ्या बाई?"

बायकोने पट्टीचा हात वर केला. ताईंनी साहेबाचा पट्टा नवऱ्याच्या हातात दिला, मग त्या आत आल्या आणि उशी नसलेल्या सोफ्यावर बसल्या.

"मला फसवलंत ते फसवलंत," त्या म्हणाल्या. "पण यांना सुट्टी नाही, हे खरं ना? मग ते ठरवूनच जाते. रविवार मोकळा द्यायचा."

"रविवारी कसली सुट्टी? रविवारी तर तो घरीच असतो."

"म्हणूनच," मावशी पायरीवरून म्हणाल्या. "आणि माझाही कुत्रा नेणार असेल, तर त्याचं वेगळं बोला."

आपल्या बाजूने कोणी वाटाघाट करतं आहे, हे नवरा जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. त्याला शेवटपर्यंत ऐकायचं होतं. पण महिनाभराच्या संगतीचा परिणाम साहेबावरही झाला असावा. त्याने एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच पट्ट्याला असा हिसका दिला, की नवरा तीन पायऱ्या खाली गेला.

त्याच्या दुसऱ्या हातातला पट्टा मात्र ताणलेलाच राहिला. गडबड परत उंबऱ्यावर येऊन शहाण्यासारखा बसला होता. बोलणी पुरी झाल्याशिवाय उठायचा त्याचा विचार दिसत नव्हता.